पिवळीचं बूच

रविवारी सकाळी त्यानं पिवळी या आपल्या होडीवरची ताडपत्री मागे सारली, तर बूच जागेवर होतं. एवढंच झालं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बूच जागेवर आहे ना, मग बिघडलं कुठं? पण होडी जमिनीवर उभी असली की बूच जागेवर असायचं नसतं. शिडाच्या लहान होडीला मागच्या अंगाला, बसायच्या फळीखाली, हवेची एक बंद पेटी असते. होडी कलंडली, पाण्यानं भरली, तरी ही पेटी तिला तळाशी जाऊ देत नाही. पेटीला मागच्या फळीत, अगदी खालच्या बाजूला, अंगठ्याएवढं भोक असतं. पाण्यात जाण्याआधी त्यात रबरी बूच दाबायचं. होडी बाहेर आली की काढायचं, म्हणजे आतली ओल निघून जाते आणि लाकूड कुजत नाही. काढलेलं बूच हरवू नये म्हणून तो ते एका दोरीनं भोकाशेजारच्या कडीला बांधून ठेवत असे. त्याच्या सगळ्या होड्यांची बुचं अशी दोरीला लोंबत असायची, बालवाडीतल्या मुलांच्या गळ्यातल्या पाण्याच्या बाटल्यांसारखी. आज म्हातारी नावाच्या होडीचं लोंबत होतं, लंगडी नावाच्या होडीचं लोंबत होतं, आणि पिवळीचं भोकात होतं. चांगलं घट्ट दाबून बसवलेलं.

आपणच बसवलं असेल, असं म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी तो नव्हता. लिफ्ट तपासणं हा त्याचा धंदा. एखादा नट आपण आवळला की नुसता आवळायचा विचार केला, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं या धंद्यात पडू नये, असं तो नव्या माणसांना सांगायचा. तो खाली बसला आणि बूच हळूच फिरवून काढलं. भोकातून पाण्याची बारीक धार आली, थांबली, पुन्हा दोन थेंब आले. त्यानं तळहात खाली धरला. हातावर हिरवट पाणी आणि त्यात शेवाळाचा एक धागा. केसासारखा. पावसाच्या पाण्यात शेवाळ नसतं. पिवळी त्यानं विकत आणल्यापासून तलावात उतरलेलीच नव्हती. तिच्या तळाला नवी फळी बसवून झाली होती, भेगांत लांबी भरून झाली होती, शिडाला पांढरं ठिगळ लावून झालं होतं, रंग झाला होता, व्हार्निश झालं होतं; तरी ती अजून झालेली नव्हती. व्हार्निशचा शेवटचा एक हात राहिला होता. तो एक हात गेली काही वर्षं राहिलेलाच होता.

फाटकाशी खुर्ची टाकून कप्तान बसला होता. कप्तान हा कुठल्याही होडीचा कप्तान कधी नव्हता. तो पूर्वी बँडमध्ये बाजा वाजवायचा. बँड मोडला, बाजा गेला, सोनेरी पट्टीची टोपी तेवढी उरली. ती घालून तो तलावाकाठच्या या आवाराची राखण करायचा.

"कप्तान, इकडे कोण आलं होतं?"

"वारा," कप्तान म्हणाला.

"मी गंमत करत नाहीये. पिवळीची ताडपत्री कुणीतरी काढली होती."

"साहेब, मी फाटक बघतो, ताडपत्र्या तुम्ही बघता. कामाची वाटणी झालेली बरी."

कप्तान हसला, पण टोपी काढून, आत काही आहे का हे बघितल्यासारखं करून, ती पुन्हा घालायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला. हे लिफ्ट तपासणाऱ्या नजरेनं टिपलं. असं टिपणं त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. जुनी होडी बघायला गेलं की मालक आधी तिचा रंग दाखवतो. तो रंग बघतच नसे. खिशातून टोच्या काढायचा आणि तळाला, फळ्यांच्या सांध्यात, डोलकाठीच्या पायाशी, जिथं मालकाची नजर जायचं टाळते तिथं टोचून बघायचा. धड लाकूड टोच्याला अडवतं. कुजलेलं लाकूड वाट देतं, अगदी आदबीनं, या बसा म्हटल्यासारखं. माणसांचंही तसंच असतं, असं त्याला वाटे. जो तोंडावर अडवतो तो धड. जो गोड बोलून वाट देतो त्याच्या आत काहीतरी कुजतंय.

आणि नवा रंग दिसला की समजावं, खाली काहीतरी लपलंय. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते वडिलांनी, न शिकवता. तो लहान असताना वडिलांनी कुठून तरी एक निळी होडी आणली होती. निळी म्हणजे अशी निळी, की बोट लावलं तर बोट निळं होईल. त्याला घेऊन ते पाण्यात गेले. तो पुढच्या फळीवर, पाय खाली सोडून. काठ मागं गेला, आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला गार लागलं. मग घोट्याला. तो म्हणाला, "बाबा, पाणी." वडील हसले. "होडी आहे, पाणी असायचंच." त्यांनी पायातला बूट काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "उपस." तो उपसत राहिला, ते हसत राहिले, आणि कसेबसे दोघं काठाला लागले. घरी आल्यावर आईनं त्याची ओली चड्डी बघून विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "पोराला मजा आली." पाण्याची भीती त्याला पुढं राहिली नाही. राहिलं ते वडिलांचं हसू. त्यांना ठाऊक होतं का? आधीपासून ठाऊक होतं का? वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्या हसण्याला टोच्या लावून बघायचं त्याचं अजून थांबलं नव्हतं, आणि टोच्या कधी अडायचा, कधी आत जायचा.

त्यानं पिवळीचं बूच पुन्हा दोरीला लोंबतं सोडलं, ताडपत्री ओढली आणि घरी आला. कुणाला बोलला नाही. पुढच्या रविवारी बूच पुन्हा भोकात होतं.

या वेळी तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्यानं बूच काढलं, दोरीची गाठ सोडली आणि बूच खिशात टाकलं. बूच नसलं की पिवळी जागची हलणार नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं. हे मनातलं वाक्य चांगलं गुळगुळीत होतं, काचकागदानं घासल्यासारखं. त्याच्या खाली दुसरं एक वाक्य होतं, त्याला त्यानं हात लावला नाही. ते असं होतं की हललीच, तर पाणीच विचारील, कोण आहेस म्हणून.

त्या आठवड्यात त्यानं सगळ्यांना टोचून बघितलं. आधी मेहुण्याला. बायकोचा धाकटा भाऊ, आला की घरातले डबे उघडून बघणारा, कुणाचीही सायकल न विचारता नेणारा. त्यानं फोन करून आडवळणानं विचारलं, "काय रे, हल्ली तलावावर जातोस की नाही?"

"दाजी, मला आंघोळीला पाणी पुरत नाही, तलावाचं काय विचारता?" मेहुणा म्हणाला. "आणि तुमच्या होड्या म्हणजे जन्मभर काठावर बसून पोहायला शिकवणारे मास्तर! एखादी तरी भिजवा हो."

मेहुण्यानं तोंडावर अडवलं. म्हणजे तो धड निघाला. मग उरली घरातली, बायको. ती बालवाडीत शिकवायची, दुपारी मोकळी व्हायची, आणि त्यानंतर तो घरी येईपर्यंत काय करायची हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता त्याला एकेक दिसू लागलं, जसं एक भेग सापडली की साऱ्या फळीवर भेगाच दिसू लागतात. तिच्या नाकाच्या शेंड्याला उन्हाचा तांबूस रंग होता. भांडं उचलताना तिच्या तळहातावर, बोटांच्या मुळाशी, कडक झालेली कातडी दिसली. ती पदार्थ ढवळताना गुणगुणत होती, आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात येताच थांबत होती. नवा रंग. तिच्यावर नवा रंग चढला होता.

"हात असे का झालेत तुझे?"

"कसे?" तिनं हात उलटून बघितला, दुसऱ्याचा असावा तसा. "बागेतला झोपाळा दुरुस्त केला मुलांचा. दोऱ्या ओढल्या."

"नाक?"

"नाकानं नाही ओढल्या." ती हसली. "अहो, तुम्ही मला तपासताय की काय? मग दार उघडून-मिटून बघा, वजन घालून बघा, आणि पाटी लावा, इतकीच माणसं न्यायची म्हणून."

तोही हसला. पण रात्रभर ते नाक त्याच्या डोळ्यांपुढून हललं नाही. तिच्या मागं कुणीतरी माणूस उभा असलेला त्याला दिसायचा. तोंड नसलेला, उन्हात वावरणारा, पिवळीची ताडपत्री मागे सारून तिला हात देणारा. कुणी बाहेरचाच. इतकी वर्षं त्यानं घासून, भरून, रंगवून ठेवलेल्या होडीत बसून तो हसत असेल, वडिलांसारखा. खिशातलं बूच त्यानं मुठीत दाबलं. रबर दाबलं की थोडं आत जातं आणि मग अडवतं.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाणी साठेना. बूच नव्हतं.

"बूच कुठं गेलं इथलं?"

"मी शाळेत नेलं," ती पाठमोरीच म्हणाली. "मुलांना पाण्याचा खेळ दाखवायचाय. काय तरंगतं, काय बुडतं."

वाक्य आदबीनं आत गेलं. कुठंही अडलं नाही. त्याच्या मनात काहीतरी खुट्ट झालं, पण कामाला उशीर होत होता, आणि त्याला ज्या चोराची वाट होती त्याच्या हातात सिंकचं बूच शोभत नव्हतं.

त्या दिवशी त्याला एका उंच इमारतीची लिफ्ट तपासायची होती. तो नियमाप्रमाणे लिफ्ट बंद करून, दारांवर पाट्या लावून, गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेला. दोर बघितले, ब्रेक बघितला. ग्रीसचा वास, भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं बदक. दुपार कलायला लागली होती. हात पुसत तो गच्चीवर आला आणि सहज पाहिलं, तर इमारतींच्या पलीकडे तलाव दिसत होता, ताटलीएवढा. ताटलीत एकच शीड होतं. तपकिरी. आणि वरच्या कोपऱ्यात पांढरं ठिगळ.

ठिगळ त्यानं स्वतः शिवलं होतं, पांढरं कापड तेवढंच हाताशी होतं म्हणून. पुढं बदलू, म्हणून. ते बदलायचं राहिलं होतं. आता इतक्या लांबून ते दातासारखं चमकत होतं आणि तो बघत राहिला. सापडला, असं आधी वाटलं. खरंच तसं वाटलं, छाती भरून. आणि मग सकाळचं ते खुट्ट पुन्हा झालं. सिंकचं बूच. काय तरंगतं, काय बुडतं. कुणी बाहेरचा नव्हताच. झोपाळ्याच्या दोऱ्या नव्हत्या. शिडाखाली तीच होती, आणि त्यानं जे भोक उघडं ठेवलं होतं ते तिनं भांडी घासायच्या सिंकचं बूच लावून बुजवलं होतं.

आणि ते तिथं बसणार नव्हतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सिंकचं बूच बसकं असतं, वरून पाण्याचा भार आला की दबून बसतं. पेटीच्या भोकाला लांब, निमुळतं बूच लागतं. बसकं बूच थोडा वेळ धरील, मग लाटेच्या धक्क्यानं निघेल. पेटी आतून भरते तेव्हा वर काहीच दिसत नाही. पायाला गार लागत नाही. होडी फक्त जड होत जाते, सुकाणू ऐकेनासं होतं, आणि बसलेल्याला वाटतं, वारा पडला.

तो लिफ्टकडे धावला. लिफ्ट त्यानंच बंद केली होती. मग जिना. मजल्यामागून मजला त्याचीच पाटी प्रत्येक दारावर होती, तपासणी चालू आहे, वापरू नये. धाप लागली तेव्हा मनात एक आवाज अगदी शांतपणे बोलत होता, की तू काही केलेलं नाहीस, जमिनीवर बूच बाहेरच ठेवायचं असतं, कुणीही सांगेल. टॅक्सीत बसल्यावरही तो आवाज बोलत राहिला. खरं होतं ते सगळं. निळ्या होडीच्या मालकानंही वडिलांना सगळं खरंच सांगितलं असेल, फक्त रंग देऊन. पेटी किती वेळात भरेल याचा अंदाज त्याच्या डोक्यात आपोआप आला, आणि तो आपल्याला करता येतो याचीच त्याला किळस आली.

कप्तान धक्क्याच्या टोकाला उभा होता. शीड लांब होतं, पाण्याच्या मध्यावर, आणि अगदी सावकाश सरकत होतं.

"कप्तान, तिला बोलवा. शिट्टी मारा."

"का हो?" कप्तान न चमकता म्हणाला. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. "चांगल्या चालवतात बाई. पलीकडच्या काठावर क्लबात शिकल्यात. मी नुसता ढकलायला हात देतो."

"वारा वाढतोय."

"वारा तर पडलाय, साहेब."

तो पाण्याकडे बघत राहिला. होडीचा मागचा भाग खाली बसलाय का? की ऊन तसं पडलंय? एक वाक्य बोलायचं होतं. लहान, साधं वाक्य, बालवाडीतलं मूलही बोलेल असं. त्याला वाटलं, ती अजून जरा जवळ आली तर बोलावंच लागणार नाही. आणि मग हे आपल्याला वाटलं, या वाटण्याला त्यानं स्वतः टोच्या लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"तिच्या पेटीला बूच नाही," तो ओरडला. "कप्तान, बूच नाहीये तिला!"

"आहे की. घरून घेऊन आल्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली त्याला, माझ्यासमोर ठोकून बसवलं. मी हलवून बघितलं, हत्ती ओढला तरी निघायचं नाही." कप्तान बोलता बोलता थांबला. टोपी काढली. या वेळी त्यानं टोपीत बघितलं नाही, थेट साहेबाकडे बघितलं. "पण ते नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं, साहेब?"

शिट्टी मारायची गरज पडली नाही. शीड वळलं, फडफडलं, पुन्हा फुगलं. ती येत होती. पिवळी पाण्यावर कशी दिसते हे त्यानं तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. ती हलकी होती. त्यानं सांध्यासांध्यात भरलेलं सगळं आपापल्या जागी धरून होतं, आणि तिच्यात बायको गुडघे दुमडून, दोरी तळहातावर घेऊन, बाहेर झुकून बसली होती, जणू तिला कुणी कधी घरात पाहिलंच नव्हतं. धक्क्याजवळ तिनं शीड सोडलं. त्याला पाहिलं. हसली नाही, दचकलीही नाही.

"आलात?" ती म्हणाली. "कुठल्यातरी गच्चीवरून दिसलं वाटतं."

"सांगायचं नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती पुन्हा उघडली असतीत." तिनं दोर कप्तानकडे फेकला. "फळ्या काढल्या असत्या, लांबी खरवडली असती. आणखी एक हात. मला तेवढं थांबायचं नव्हतं, अहो. माझ्या डोळ्यांदेखत होड्या म्हाताऱ्या झाल्या. मीही."

पिवळी धक्क्याला हलकेच घासत होती, मांजर पायाला घासतं तशी.

"मंगळवारी आले तेव्हा ताडपत्री काढली," ती म्हणाली. मुलांशी बोलते तशी, एकेक गोष्ट मांडत. "बूच भोकात नव्हतं. म्हटलं, बरोबर आहे, मी चुकून लावून ठेवत होते, यांनी काढलं असेल. दोरी बघितली. दोरीलाही नव्हतं. मग वाटलं, यांना कळलं, हे मला थांबवतायत. परत घरी आले. वाट बघितली, आता विचाराल, मग विचाराल. तुम्ही नाक विचारलंत."

"अगं, जमिनीवर बूच..."

"बाहेर ठेवायचं असतं. ठाऊक आहे. दोरीला बांधून." ती थांबली. "थांबवायचं असतं तर फाटकाला सांगितलं असतंत. कुलूप लावलं असतंत. नाही?"

कप्तान दोर बांधता बांधता उठला आणि काही काम आठवल्यासारखा फाटकाकडे गेला. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

तिनं हात पुढं केला. तळहात वर. बालवाडीत कुणी मूल खडू, मणी, काहीतरी मुठीत लपवून उभं असलं की ती असाच हात पुढं करते आणि ओरडत नाही. फक्त हात मागं घेत नाही. त्यानं खिशात हात घातला. बूच गरम झालं होतं. ते त्यानं तिच्या हातावर ठेवलं, आणि काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाला, "मला वाटलं, दुसरंच कुणी आहे."

"दुसरं कुणी असतं तर?"

याला उत्तर होतं. तिलाही ते ठाऊक होतं. तिनं बूच फिरवून पाहिलं, मागं वाकून कडीच्या मोकळ्या दोरीला बांधलं आणि लोंबतं सोडलं. भोकातलं सिंकचं बूच तिनं काढलं नाही.

"या, बसा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"एक हात राहिलाय का अजून?"

तो उतरला. होडी त्याच्या वजनानं डुचमळली, मग सावरली. तो मागच्या फळीवर बसला, बरोबर पेटीवर. तिनं धक्क्याला पाय लावून ढकललं आणि काठ मागं गेला. त्याचे पाय आपोआप वर उचलले गेले, अंगठ्यांना गार लागेल म्हणून. लागलं नाही. जरा वेळानं त्यानं वाकून पेटीवर बोटाचं पेर वाजवलं आणि कान दिला. कोरडा, पोकळ आवाज आला. पुन्हा वाजवलं. तसाच. पेटीत पाणी नव्हतं. ट्यूबच्या पट्टीत गुंडाळलेलं ते बसकं बूच धरून होतं.

त्यानं मान वर केली. शिडात वारा भरत होता, सुकाणूचा दांडा तिच्या काखेत होता, आणि तिनं पुढं बघायला हवं होतं. ती पुढं बघत नव्हती. तिची नजर त्याच्या हातावर होती, पेटीजवळच्या, आणि ती नजर त्याच्या फार ओळखीची होती. जन्मभर ती त्यानंच वापरली होती. मग त्यानं दोन्ही हात उचलले, गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर करून, बोटं उघडी, तिला दिसतील असे. आणि काठ येईपर्यंत तसेच ठेवले.